गोलातला जावई

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडिलांना सही येते, पण ती ते चित्र काढल्यासारखी काढतात. अशा घरातल्या मुलानं फुटबॉलच्या मैदानांवर लिहायला बसावं, तेही एकही खरं स्टेडियम डोळ्यांनी न पाहता, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय आणखी एक अडचण आहे. माझ्या हातून आजवर जे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलं गेलं, ते एका अर्जातल्या एका रकान्यात लिहिलं गेलं. ते मी तसं लिहायला नको होतं.

यवतमाळच्या आमच्या होस्टेलवर सगळ्यांना विलायतेच्या मॅचचं वेड आहे. एका रविवारी मोबाइलवर गोल बघताना विषय निघाला, की प्रत्येकानं आपलं आवडतं स्टेडियम सांगायचं. पोरं भराभर सांगत गेली. कुठे लाख माणूस एका सुरात गातं, कुठे सगळी भिंतच पिवळी होते. माझी पाळी आली तेव्हा मीही माझ्या आधी कुणीतरी घेतलेलं एक नाव पुन्हा सांगून मोकळा झालो. ते खोटं होतं. मला आवडणारी मैदानं तीनच, आणि तिन्ही आमच्या जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या एकाला तर वर्षातून नऊ महिने कुणी मैदान म्हणणार नाही.

ते आमच्या गावचं. आर्णीपासून दुचाकीवर वीस मिनिटं लागतात. नाल्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याचं सपाट वावर आहे आणि त्यात दरवर्षी कापूस असतो. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा कापूस वेचून झाला, की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायच्या असतात. गावातल्या फुटबॉलच्या पोरांनी त्या उपटून द्यायच्या आणि बदल्यात उन्हाळी नांगरटीपर्यंत वावर खेळायला घ्यायचं, अशी बोली आहे. कुणी ठरवली माहीत नाही, मी लहानपणापासून तेच बघतो. तीन दिवस अख्खा संघ वाकून पऱ्हाट्या उपटतो. तळहाताची सालटं निघतात. मग वखर फिरतो, फळी फिरते, टँकरनं पाणी मारलं जातं, पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडतात आणि दोन्ही टोकांना गोलासाठी सागाच्या बल्ल्या उभ्या राहतात.

तरीही खुटं राहतातच. मातीत अडकलेलं बोटभर खुट अनवाणी पायाला लागलं की माणूस मटकन बसतो. आमच्या मैदानावर कुणी खाली बसलं तर रेफरी आधी फाउल बघत नाही, पाय बघतो.

मॅचच्या दिवशी चारी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, माणसं बसत. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला म्हातारी माणसं, आणि नाल्याकडच्या धुऱ्यावर पाहुण्या गावाची मंडळी. पलीकडे हरभऱ्याचं वावर असे. तिकडे बॉल गेला की आणायला जाणारा पोरगा घाटे खात खात परत येई आणि हरभऱ्याचा मालक धुऱ्यावरूनच ओरडे, "बॉल आणाले गेलता का भाजी तोडाले?" तर्री-पोह्याचा गाडा निंबाखाली लागे. गोल झाला की पोहेवाला झाऱ्या पातेल्यावर आपटे. तोच आमचा नगारा. एप्रिलमध्ये नांगर यायचा आणि दोन दिवसांत सगळं मैदान उलटं होऊन जायचं. मी कितीदा तरी धुऱ्यावर उभा राहून ते बघितलं आहे. आता मैदानाच्या मधलं वर्तुळ कुठे होतं, हे फक्त मलाच माहीत आहे असं वाटायचं.

मी चांगला खेळत नव्हतो. उजव्या बाजूला मला उभं करत आणि बॉल डाव्या बाजूनं नेत. बारावी झाल्यावर कॉलेजात नाव लागलं तेव्हा संघातली माझी जागा आपोआप ठरली. मी लिहिणारा झालो. पत्रं, वर्गणीच्या पावत्या, झेरॉक्स, सगळं माझ्याकडे. पोरं मला "मास्तर" म्हणू लागली. त्यात निम्मी चेष्टा होती आणि निम्मा मान, आणि मला त्यातला मानच ऐकू यायचा.

आमचा कॅप्टन वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मशिदीच्या गल्लीत राहायचा आणि आर्णीला त्याचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या बोटांचं काळं तेल कधी निघालं नाही. आणि आमचा गोलकी, म्हणजे गोल राखणारा, तो गावचा नव्हताच. तो मुकुटबनच्या बाजूचा, कोलाम घरातला. त्याच्या बोलण्याला तेलंगणाकडची एक लय होती. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकला, तिथेच गोलात उभा राहायला शिकला, पण पुढचं शिक्षण राहिलं आणि तो ट्रॅक्टर चालवायला लागला. आमच्या गावात तो मळणीयंत्राबरोबर आला आणि वावराच्या मालकानं त्याला ठेवूनच घेतलं. मैदानावर वखर आणि फळी फिरवायचं काम त्याचंच. पहिल्या वर्षी त्यानं सगळं मैदान सपाट करून दिलं आणि ट्रॅक्टर निंबाखाली लावून विचारलं, "तुमच्याकडे गोलात कोण ऱ्हाते?"

"जो उशिरा येते तो," कॅप्टन म्हणाला.

"मंग मी ऱ्हातो."

तो उंच नव्हता. पण बॉल कुठे येणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. पेनल्टी असली की तो टाचेनं गोलाच्या मधोमध एक रेघ ओढायचा, तिच्यावर उभा राहायचा आणि मारणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या टेकलेल्या पायाकडे बघत राहायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तोंड खोटं बोलते. टेकेल पाय नाही बोलत."

बाहेरच्या खेळाडूला आमच्याकडे "जावई" म्हणतात. हे नुसतं टोपणनाव नाही, रीतच आहे. प्रत्येक गावाच्या संघात एखादा जावई असतो. मॅचच्या दिवशी त्याला पहिलं ताट, बसायला सतरंजी, आणि धुऱ्यावरच्या बाया त्याला हक्कानं चिडवणार. स्पर्धेच्या अर्जावर "खेळाडू त्याच गावचा रहिवासी असावा" असं छापलेलं असतं, पण जावयाला कुणी पत्ता विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्याही संघात जावई असतो. माइकवरचा माणूससुद्धा सांगतो, "अन् गोलात हायेत गावचे जावईबापू."

दुसरं मैदान मला त्याच्यामुळेच मिळालं. मी कॉलेजात गेलो त्या वर्षीच्या जानेवारीत मुकुटबनला स्पर्धा होती आणि त्यानं कॅप्टनला तिकडच्या संघात जावई म्हणून नेलं. मीही सोबत गेलो. रस्त्यावरून ट्रक जात आणि पांढरी धूळ मैदानावर येऊन बसे. खेळाडूंच्या भुवया पांढऱ्या होत. आमच्याकडे लोक मॅच बघताना बोलतात. तिकडे बोलत नाहीत. शेकडो माणसं, पलीकडच्या राज्यातून आलेलीही, मैदानाच्या कडेला उकिडवी बसून गप्प बघत राहतात, आणि गोल झाला की एकदम ढोल सुरू होतो. टायब्रेकर झाला. गोलकीनं टाचेनं रेघ ओढली, तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं बिडी विझवली. पाचांतल्या तीन पेनल्टी त्यानं अडवल्या. लोकांनी त्याला उचललं नाही, ओरडलेही नाहीत. रांगेनं येऊन एकेकानं त्याच्या खांद्याला हात लावला आणि पुढे गेले. मी स्टेडियममधले कितीतरी जल्लोष मोबाइलवर पाहिलेत, पण त्या रांगेसारखं काही पाहिलं नाही.

परत येताना गाडीत कॅप्टन म्हणाला, "बे, तू ट्रॅक्टरवर कायले बसते? तुले तं कॉलेजनं उचलून न्याले पायजे."

ते खरंच होईल असं वाटायला लागलं ते फेब्रुवारीत. आर्णीच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो आणि रेफरीनं निरोप आणला. यवतमाळच्या एका कॉलेजचे खेळाचे सर फायनल बघायला येणार होते. त्यांना गोलकी पाहिजे होता. पसंत पडला तर जूनमध्ये प्रवेश आणि होस्टेलची सोय. आमच्या गोलकीचं वय वाढत चाललं होतं. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर तो कॉलेजच्या संघात बसलाच नसता. एवढीच एक खिडकी होती आणि ती त्या एका दुपारपुरती उघडणार होती. दुसऱ्या दिवशी तो गावी जाऊन बारावीची गुणपत्रिका आणि दाखला घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून रबर लावून.

"कायले आणलं आत्ताच?" कॅप्टननं विचारलं.

"सरनं तिथंच मागतलं तं?"

फायनलचा अर्ज आम्ही कॅप्टनच्या दुकानात भरला. म्हणजे मी भरला, एका स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून. एरवी यादी ग्रामपंचायतीतले एक काका भरत असत. त्या आठवड्यात ते लग्नाला गेले होते. कॅप्टन इंजिन खोलत होता. म्हणाला, "तू शिकेल हायेस, भर तूच. चांगल्या अक्षरात भर, फायनल हाय."

चांगल्या अक्षरात भरायला मला फार आवडलं. पत्त्याच्या रकान्यात पहिल्या नावापुढे गावाचं नाव लिहिलं आणि खाली सगळ्यांसाठी तेच. गोलकीच्या नावाशी आल्यावर मी त्याचं आधार कार्ड मागितलं. तो टायरवर बसून होता. कार्ड दिलं आणि मी काय लिहितो ते मान वाकडी करून बघत राहिला. मी कार्डावरचा पत्ता उतरवून घेतला. त्याचं गाव, मुकुटबन, तालुका झरी जामणी.

"असंच लिहा लागते का?" त्यानं विचारलं.

"हो. आधारवर आहे तेच लिहावं लागतं."

"काका तं इथलंच लिहे."

"काकांचं जुनं झालं. आता सरकारी कागदाशी जुळायला पाहिजे. उद्या कॉलेजात हाच कागद लागला तर?"

मला हे वाक्य लख्ख आठवतं, कारण ते बोलताना मला बरं वाटलं होतं. मला जावयाची रीत माहीत नव्हती असं नाही. पण ती माइकवरची गंमत आहे, कागद वेगळा, असं मी धरून चाललो होतो. कॉलेजात आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मला सगळ्यांनी एकच शिकवलं होतं, की रकान्यात खरं लिही, नाहीतर अर्ज परत येईल. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. शिकलेला म्हणतो तर तसंच असेल, अशी ती मान होती. मी आधारच्या झेरॉक्सही जोडल्या. अर्जावर तसं छापलेलं होतंच. नंतर कळलं, सगळ्या संघांत झेरॉक्स जोडणारे आम्हीच एकटे.

आर्णीचं मैदान हे तिसरं. आठवडी बाजार भरतो त्या मोकळ्या जागेत ते होतं. आदल्या दिवशी बाजार झालेला, त्यामुळे कडेला कोबीची पानं, मिरच्यांचे देठ, जनावरांचे खूर उमटलेले. पण माणसं. दुकानं अर्धी बंद करून लोक आले होते. दुचाक्या एकीला एक लावून त्यांच्या सीटवर उभे राहून लोक बघत होते. ती आमची गॅलरी. माइकवरचा माणूस मराठी, हिंदी, मधूनच उर्दू, असं सगळं एका दमात बोलायचा. आमचा संघ मैदानात आला तेव्हा तो म्हणाला, "आइये आइये, ये देखो, गोलात उभे हायेत आपले लाडके जावईबापू, सासुरवाडीचा मान राखा बरं." सगळं मैदान हसलं. गोलकीनंही हात वर केला.

खेळाचे सर मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर छोटी वही. मी टेबलाजवळ उभा होतो, लिहिणाऱ्यांची जागा तिथेच असते. त्यामुळे मला मैदान अर्धं आणि ती वही पूर्ण दिसत होती. पहिल्या अर्ध्यात आमच्या गोलकीनं दोन बॉल असे काढले की मांडवातले पाहुणेही उठून उभे राहिले. दुसऱ्या वेळी सरांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि वहीत लिहिलं. मी ते लिहिणं पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी मैदानाकडे बघायचंच विसरलो.

आमच्याकडे ऑब्जेक्शन घ्यायचं असेल तर ते लेखी आणि मध्यंतरापर्यंत द्यावं लागतं. नंतर दिलेलं कुणी घेत नाही. समोरच्या संघाचा लिहिणारा माझ्याच शेजारी उभा होता. त्यानं मॅचच्या आधी टेबलावरच्या याद्या चाळल्या होत्या, मी पाहिलं होतं. मला वाटलं, अक्षर बघतोय. मध्यंतराची शिट्टी झाली आणि त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून समितीच्या अध्यक्षांसमोर ठेवला.

अध्यक्ष आमच्या गावात दोनदा जेवून गेलेला माणूस. गोलकीच्या शेजारी, त्याच सतरंजीवर. त्यांनी कागद वाचला, आमची यादी काढली आणि कॅप्टनला बोलावलं.

"हा गोलकी तुमच्या गावचा नाही म्हणतेत."

"सर, जावई हाय. तुमाले माईत नाई का? त्याईच्याकडे बी दोन हायेत. तो स्ट्रायकर कोठचा हाय, विचारा ना."

"त्याईच्या कागदावर त्याईचं गाव लिहेल हाय. तुमच्या कागदावर पाहा." त्यांनी यादी फिरवून त्याच्यासमोर केली. "हे तं तुमच्याच हातचं हाय."

कॅप्टननं यादी पाहिली. झेरॉक्स पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "पण सर, यात खोटं काही नाही. सगळं खरं लिहिलंय."

"म्हनून तं बाहेर काढा लागते," अध्यक्ष म्हणाले. ते चिडलेले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं असंही म्हणता येईल. पण लेखी आलं होतं.

मग माइकवर ते वाचलं गेलं. तोच माणूस, तोच आवाज. पंचेचाळीस मिनिटं जावईबापू, जावईबापू करणाऱ्या त्या आवाजानं कागद बघून वाचलं की अमुक संघाचा गोलरक्षक बोगस आढळल्यामुळे त्यास बाद करण्यात येत आहे. बोगस. दुचाक्यांवर उभे असलेले लोक हसले. काहींनी शिट्ट्या मारल्या. जावई ऐकून हसले होते तसेच हसले, मला फरक ऐकू आला नाही.

मी मांडवाकडे पाहिलं. सरांनी वही उघडली, पेनानं एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली. त्यांचा काही दोष नाही. बोगस म्हणून जाहीर झालेल्या खेळाडूला कोणतं कॉलेज घेईल?

गोलकीनं हातमोजे काढले आणि आमच्या एका बचाव खेळाडूला दिले. त्याला म्हणाला, "उजव्या बल्लीजवळची जमीन उखडेल हाय. तिथं टप्पा पडला का बॉल उसळते, आंगावर घे." एवढं सांगून तो बाहेर आला. माझ्याजवळ त्याची पिशवी होती, ती घ्यायला. पिशवीत गुणपत्रिका आणि दाखला, वरून रबर. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. काय ते आठवत नाही. तो म्हणाला, "तू तं म्हने, आधारवर हाय तेच लिहा लागते."

रागानं नाही. विचारल्यासारखं. जणू अजूनही मी नीट समजावलं असतं तर त्यानं मान हलवली असती.

आम्ही तीन गोलांनी हरलो. त्यातला एक बॉल उजव्या बल्लीजवळच उसळला. मॅच संपल्यावर समोरच्या संघाचा गोलकी मांडवात सरांसमोर उभा होता आणि सर वहीत लिहीत होते. आमचा गोलकी तोपर्यंत निघून गेला होता. तो गावात कुणाला दिसला नाही. दोन दिवसांनी वावराच्या मालकाला त्याचा फोन आला, की ट्रॅक्टरची चावी वावरातल्या निंबाच्या फांदीला लावून ठेवली आहे. त्या साली मैदान फेब्रुवारीतच नांगरलं गेलं. नांगरायला दुसरा माणूस आणावा लागला.

मी त्याला बरेच मेसेज केले. आधी मोठे, माफीचे. मग छोटे. नंतर नंबरच बंद लागायला लागला. मला माफी मागायची होती की मी खरं लिहिलं होतं हे त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कॅप्टन माझ्याशी बोलतो. पण मला मास्तर म्हणत नाही.

जूनमध्ये समोरच्या संघाचा तो गोलकी आमच्याच कॉलेजात आला. ते कॉलेज हेच. ज्या इमारतीत मी एक वर्षापासून राहत होतो तिथेच, दोन खोल्या सोडून. स्वभावानं चांगला मुलगा आहे. मेसमध्ये माझ्या ताटात भाजी वाढतो. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तुझं गाव तेच का, ज्यांच्याकडून फायनल खेळलास.

"नाही ना भाऊ," तो हसला. "आपण कुठले तिथले. आपण बाभुळगावकडले. ते त्याईच्या लिहिणाऱ्यानं बरोब्बर लिहिलं, म्हनून निभलं."

"बरोबर म्हणजे?"

"म्हंजे त्याईच्या गावचं."

मी पाणी प्यायलो. त्याला काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. संध्याकाळी तो कॉलेजच्या मैदानावर सराव करतो. सिमेंटच्या पायऱ्या आहेत, खरी जाळी आहे, हिरवं गवतही थोडं आहे. होस्टेलच्या गॅलरीतून दिसतं. मी कधी बघतो, कधी नाही. तो चांगला आहे, पण पेनल्टीला तोंडाकडे बघतो.

त्या अर्जाचा मी खूप विचार केला आहे. आता पुन्हा कुणी तो रकाना समोर ठेवला तर मी काय लिहीन? खोटं लिहीन असं मला वाटतं. आणि असं वाटतं याचा मला संताप येतो. शिकायला मी यासाठी आलो नव्हतो. पण खरं लिहून ज्याचं नुकसान झालं तो मी नव्हतोच. ज्याचं झालं त्याला मी खरं काय आणि खोटं काय हे न विचारता, टायरवर बसवून, शहाणपण सांगितलं होतं. समितीनं, समोरच्या संघानं, माइकवाल्यानं जे केलं त्याबद्दल मी दोन वर्षं मनात भांडलो. पण त्या सगळ्यांच्या हातात कागद माझा होता.

या हिवाळ्यात आमचा संघ मुकुटबनच्या स्पर्धेला गेला. मी परीक्षेमुळे गेलो नाही, निदान मी कारण तेच सांगितलं. दुपारी कॅप्टनचा फोन आला. मागे ढोल वाजत होता. मला वाटलं जिंकले.

"खेळूच नाही देल्लं," तो म्हणाला.

"काहून?"

"आपला उजवा विंगर आर्णीचा हाय ना. यादीत काकानं गावचं लिहिलं. इथं टेबलावर आधार मागते, एकेकाचं. पाहिलं अन् अर्ज वापस केला. पुरा संघ बाद. आता बसलो हाओत मैदानात, दुसऱ्याची मॅच पाहून राह्यलो."

"इतकं कडक कोण झालं तिथं?"

ढोल थांबला आणि सगळं मैदान गप्प झाल्याचं मला फोनमधून कळलं. पेनल्टी असावी.

"तोच हाय टेबलावर," कॅप्टन म्हणाला. "आपला गोलकी. खेळणं सोडलं म्हने त्यानं, आर्णीपासूनच. आता कागद पाहाचं काम करते. मी म्हनलं, अबे, आपण हाओत, वळखलं नाई का? तं म्हने, वळखलं. मंग विंगरचं आधार माह्यापुढं सरकवलं."

"काही बोलला?"

"तुले इचारलं. लिहिणारा आला नाई का म्हने. मी म्हनलं, तो यवतमाळले हाय, शिकून राह्यला. तं म्हने, त्याले सांगजा, इथं आधारवर हाय तेच लिहा लागते."